डिसेंबरची धावपळ आणि लूकचे चोवीस अध्याय

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांत कामांची रांग लागते: घराची साफसफाई, गोठ्याचा देखावा, करंज्या आणि शंकरपाळ्या, नवे कपडे, गायनाचा सराव, गावाहून येणारे पाहुणे. यांतले एकही काम कमी मोलाचे नाही, कारण त्यांतूनच सण उभा राहतो. तरीही २४ तारखेच्या रात्री उपासनेला उभे राहताना शरीर थकलेले आणि मन कोरडे असते, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी नवा कार्यक्रम वाढवण्याऐवजी लूककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र सांगणारे लूकचे पुस्तक, रोज एक अध्याय याप्रमाणे वाचावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

लूकचे अध्याय २४ आहेत, म्हणून १ डिसेंबरला पहिला अध्याय घेतला की नाताळच्या पूर्वसंध्येला शेवटचा पूर्ण होतो. पहिला अध्याय ८० ओव्यांचा, सर्वांत लांब आहे. तो दोघांनी वाटून वाचावा. वेळ नेमकी ठरवावी, आणि ती रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलण्याआधीची असली तर उत्तम, कारण एकदा माणसे पांगली की पुन्हा एकत्र बसत नाहीत. फराळ करायचा असेल त्या दिवशी एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी करंज्या भरता भरता ऐकावे. एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढत बसू नये. त्या तारखेचाच अध्याय घ्यावा.

या क्रमात येशूचा जन्म दुसऱ्याच दिवशी येतो आणि घर सर्वांत गजबजलेले असते त्या २२ व २३ तारखांना शेवटचे भोजन आणि वधस्तंभ येतात. प्रथम हे विसंगत वाटते, पण याच ठिकाणी वाचन खोल जाते. दुसऱ्या अध्यायात मरीया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते; तेविसाव्यात अरिमथाईचा योसेफ त्याच देहाला तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतो. उतारशाळेत जागा नव्हती, असे जन्मकथेत आपण ऐकतो. बाविसाव्या अध्यायात येशू वल्हांडणाच्या (यहुदी सणाच्या) भोजनासाठी उतरण्याची जागा विचारायला शिष्यांना पाठवतो, आणि मूळ ग्रीक मजकुरात दोन्ही ठिकाणी ‘कातालुमा’ हा एकच शब्द आहे. ज्याला जन्मताना ती जागा मिळाली नाही, तोच तिथे यजमान होऊन भाकर मोडतो. पाहुण्यांसाठी गाद्या घालण्याच्या त्या दिवसांत हा अध्याय वाचला, तर आपल्या घरातील पाहुणचाराकडेही निराळ्या नजरेने पाहता येते.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, आरंभ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान होतो, आणि त्याचा गाभा वाट पाहणे हा आहे. म्हणून गोठा लवकर मांडला तरी गव्हाणी रिकामी ठेवावी. कोणी न सांगता कुणाचे काम केले की मुलांनी तिच्यात गवताची एक काडी घालावी आणि २४ तारखेच्या रात्री त्या गवतावर बाळ येशूला ठेवावे. ही जुनी रीत मुलांना कोणत्याही उपदेशापेक्षा लवकर कळते. कॅथलिक कुटुंबांनी पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) शेवटच्या आठवड्यावर न टाकता पहिल्या पंधरवड्यातच उरकावे.

सण २५ तारखेला संपत नाही, हेही नियोजन करताना ध्यानात धरावे. आजारी शेजारी, एकटे राहणारे वृद्ध, नुकतेच घरातील माणूस गमावलेले कुटुंब यांच्या भेटी घाईने आदल्या दिवशी उरकण्यापेक्षा २६ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणापर्यंतच्या (मागी लोकांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याच्या सणापर्यंतच्या) दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. फराळाचा एक डबा त्यासाठी आधीच बाजूला काढावा, आणि जाताना निदान तासभर बसता येईल इतका वेळ हाती घेऊन जावे.