गावात राहून हाऊसचा डीजे अन् गायक कसं व्हायचं

आपल्याकडं डीजे म्हटलं की लोकांना ट्रॉलीवर रचलेले बेस अन् वरातीत नाचणारे पोट्टे आठवतात. तो धंदा चांगलाच आहे, पण तुम्हाले हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवायचंय आणि त्यावर स्वतः गायचंय तर आधी गळा तयार करा, कंट्रोलर (गाणी मिसळायचं डीजेचं मशीन) नंतर घ्या. मशीन काय, पैसे टाकले की कोणालेही भेटते.

हाऊस शिकागोचं. १९७७ पासून फ्रँकी नकल्स नावाचा डीजे तिथं वेअरहाऊस क्लबमध्ये वाजवायचा, त्यातूनच हे सगळं वाढलं. त्याच सीनमधला रॉबर्ट ओवेन्स गातोही अन् डीजेही आहे, त्याचं काम नक्की ऐका.

गळ्यासाठी गावातलं भजन मंडळ पकडा, हसू नका. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात लय पक्की असते, ध्रुपद परत परत येते अन् तरी कंटाळा येत नाही, हाऊसच्या गाण्यालेही नेमकं हेच लागते, एक छोटी ओळ धरून दर वेळी थोडी वेगळी म्हणायची. दिवाळीनंतर गडचिरोलीकडच्या वडसा भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, तिथले कलाकार रात्र रात्र कसे गातात तेही जाऊन पाहा.

आता मिक्सिंग. लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर टाका, घरी शिकायले फुकट चालते. हाऊस साधारण १२० ते १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाले तेवढे ठोके, अन् प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ढोलासारखा जड ठोका. ३२ ठोक्यांचा एक फ्रेज, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, धरायचा, १२४ बीपीएमले तो साडेपंधरा सेकंदाच्या आसपास बसते. दुसरं गाणं फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावरच आत घ्या, अन् दोन्ही गाण्यांचा बेस, म्हणजे खालचा जड आवाज, एकत्र चालू ठेवू नका, एकाचा खाली करत दुसऱ्याचा वर. हे हाताले बसलं की अर्धं काम झालं.

गायकासाठी इथं एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. की लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण, बंद ठेवून गाण्याचा वेग ६ टक्के वाढवला की ते जवळपास अर्धा स्वर वर सरकते, मंग तुम्ही घरी बसवलेल्या सुरात गायले की सगळं बेसूर, अन् लोक म्हणतात पोट्ट्याचा गळाच खराब आहे. म्हणून गायच्या वेळी की लॉक चालू ठेवा, पायोनियरच्या मशीनवर त्याले मास्टर टेम्पो म्हणतात. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून गायचा सराव करू नका, आवाज उशिरा येते अन् सवय बिघडते, वायरवालाच घ्या.

माईक साधा डायनॅमिक घ्या. जाळी मुठीत झाकायची नाही, बाकी हिरोगिरी करा पण हे नाही, आणि स्पीकर बॉक्सच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, माईक सिटी मारलाच समजा. आपल्याकडच्या सेटअपमध्ये गायकाकडं तोंड केलेला मॉनिटर, म्हणजे त्याले स्वतःचा आवाज ऐकू येणारा स्पीकर, बहुतेक नसतोच, काहून तं सगळा पैसा बेसमध्ये गेलेला असते. मंग एक छोटा बॉक्स स्वतःकडं वळवून मागून घ्या, भांडून घ्या. मे महिन्यात मशीनवर ऊन पडू देऊ नका.

पहिलं काम लग्नाच्या हळदीतच भेटते. तिथं दोन तास हाऊस वाजवाल तर काका लोक केबल उपटतील. लोकांच्या ओळखीच्या गाण्याखाली हाऊसची किक टाका, मधात आपली वऱ्हाडी ओळ गा, अन् त्याचा व्हिडिओ करून ठेवा, नागपूरच्या क्लबवाल्याले दाखवायले तोच कामी येते. लाऊडस्पीकर रात्री १० ले बंद करा, २००० सालचा नियम आहे, परवानगी नसताना "अजून एकच" च्या नादात मशीन जप्त होते.

कोण्या प्रोड्युसरले आवाज रेकॉर्ड करून पाठवत असाल तर पाठवायच्या आधी नाव कसं येईल अन् वाटा किती, हे लिहून घ्या. मार्था वॉशसारख्या मोठ्या गायिकेचा आवाज वापरून १९९० च्या सुमारास व्हिडिओत दुसऱ्याच बायांचे चेहरे दाखवले होते, तिले कोर्टात जावं लागलं. शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या, गाणं वाजलं तर रॉयल्टीचा मार्ग तिथून आहे. अन् लग्नाच्या कामात ॲडव्हान्स आधी घ्या, जनरेटर कोणाचा अन् डिझेल कोणाच्या पैशाचं हे त्याच फोनवर ठरवून टाका.