सहावीसाठी पालिकेची शाळा निवडताय? या चुका टाळा

नवी मुंबईत सहावीसाठी सार्वजनिक शाळा शोधणारे पालक बहुधा दहावीच्या निकालापासून तुलना सुरू करतात, आणि पहिली चूक तिथेच होते. ज्या शाळेत दहावीचा वर्गच नाही ती या मोजमापात आपोआप मागे पडते; मग सहावी ते आठवीत तिथे कितीही चांगले शिकवले जात असो.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे पटसंख्येला शिक्षकसंख्येने भागून मिळणाऱ्या आकड्यावर विसंबणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवा; परंतु विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा, असेही तोच कायदा सांगतो. या वर्गांत २१० मुले आणि सहा शिक्षक असतील तर कागदावर सारे नियमात दिसते, पण त्या सहांत विज्ञान-गणिताचा पदवीधर शिक्षक नसेल तर त्या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना सरासरी न विचारता वेळापत्रक पाहू द्यावे, अशी विनंती करावी. सातवीच्या विज्ञानाच्या तासापुढे कोणाचे नाव आहे, आणि त्याच तासाला तेच नाव दुसऱ्या वर्गापुढेही लिहिलेले नाही ना, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. नाव दोन ठिकाणी दिसले, तर दोन वर्ग एकत्र बसतात का, असे सरळ विचारावे.

यू-डायसवरील (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती आणि प्रत्यक्ष शाळा जुळत नसेल, तर आधी शाळेचा ११ अंकी संकेतांक तपासावा. पालिकेच्या एकाच इमारतीत सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची शाळा भरत असेल, तर नावे सारखी असली तरी संकेतांक वेगळे असू शकतात. खारघर किंवा कामोठ्यातील शाळा ठाणे जिल्ह्याच्या यादीत सापडणार नाही, कारण हा भाग पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या फलकावरील ‘पात्र’ आणि ‘शिष्यवृत्तीधारक’ या दोन संख्या एकत्र करू नयेत. पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण पुरतात, शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीवर ठरते. परीक्षेला किती मुले बसली, हा आकडा बहुधा फलकावर नसतो. तो मागून घ्यावा.

शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव प्रवेशाच्या सोडतीची वाट पाहत थांबणेही व्यर्थ आहे, कारण ती खासगी शाळांतील प्रवेशस्तराच्या (पूर्वप्राथमिक किंवा पहिलीच्या) वर्गासाठी असते, सहावीसाठी नव्हे.

अंतराबाबत नकाशा फसवतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला औद्योगिक वसाहत व तिला लागून असलेल्या वस्त्या, तर दुसऱ्या बाजूला रेल्वे व नोड (नियोजित निवासी उपनगरे) अशी इथली रचना असल्याने, रबाळे किंवा तुर्भ्यात सरळ रेषेत जवळ दिसणारी शाळा पादचारी पूल वा भुयारी मार्ग धरून बरीच लांब पडू शकते. दुपारच्या सत्रात प्रवेश घ्यायचा असेल, तर हा रस्ता शाळा सुटण्याच्या वेळी, तेही पावसाळ्यात, एकदा स्वतः चालून पाहावा.