दुसरा मॉनिटर जोडताना या चुका टाळा

जुलैत पीक विम्याची गर्दी उसळली की दारव्हा तालुक्यातल्या सेतू केंद्रांवरून मला फोन सुरू होतात. केंद्रवाल्याला दुसरा मॉनिटर शेतकऱ्याकडे तोंड करून लावायचा असतो. नाव, गट नंबर, खाते क्रमांक त्यानेच पाहून घ्यावा. कल्पना चांगली आहे. घोळ होतो तो कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे मधल्या सिग्नल बदलणाऱ्या डबीत.

पिन बसली म्हणजे काम झालं, असं समजू नका. कॉम्प्युटरला एचडीएमआय पोर्ट, मॉनिटर जुना व्हीजीए पोर्टचा, आणि आणलेल्या डबीवर लिहिलेलं ‘व्हीजीए टू एचडीएमआय’! नावात आधी येतं ते कॉम्प्युटरचं टोक, नंतरचं मॉनिटरचं. व्हीजीए १९८७ सालचं, अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. मधली चिप सिग्नल बदलते, तीही एकाच दिशेने. उलट लावून चालत नाही. आत चिपच नसलेली स्वस्त केबल तर काळा पडदाच दाखवते.

बरोबर कन्व्हर्टर लावूनही चित्र येतं-जातं? एचडीएमआय पोर्टमधून ५ व्होल्टवर ५५ मिलिअँपिअर एवढ्याच करंटची हमी असते आणि काही चिपना तो पुरत नाही. कन्व्हर्टरच्या बाजूला छोटं यूएसबी भोक असेल तर तिथे वायर लावून कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडा. हे भोक शोभेचं समजून सोडून देणारे खूप भेटतात.

“भाऊ, दोन्हीवर एकच दिसून राहिलं!” इथे बहुतेक वेळा स्प्लिटर आणलेला असतो. तो एका चित्राच्या दोन प्रती काढतो, बस. समोर बसलेल्याला आधीच्या माणसाचं आधार कार्ड दिसावं, हे कोणालाच नको. वेगवेगळं दाखवायचं तर कॉम्प्युटरमधून दोन स्वतंत्र आउटपुट निघायला हवेत. तसे असूनही एकच दिसत असेल तर विंडोज बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा.

ग्राफिक्स कार्ड बसवलंय का? मग दोन्ही वायरी कार्डालाच लावा. एक कार्डाला, एक मदरबोर्डला लावली की दुसरा मॉनिटर बरेचदा बंद राहतो, कारण कार्ड बसल्यावर मदरबोर्डचं आउटपुट बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधून, बंद होतं.

दुसरा पोर्टच नसेल तर यूएसबी टू एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर मिळतो. त्याला बहुधा ड्रायव्हर टाकावा लागतो. फॉर्म भरायला पुरतो, गेमला नाही. लॅपटॉपचं प्रत्येक यूएसबी-सी मात्र चित्र देत नाही, खरेदीआधी मॉडेलची माहिती बघा.

पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर जुन्या चौकोनी सतरा इंचीसाठी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झ ठेवा. आणि पडदा गुलाबी किंवा पिवळा दिसला तर मॉनिटर भंगारात काढायच्या आधी व्हीजीएचे दोन्ही स्क्रू आवळा, वाकलेली पिन बघा. मागच्या उन्हाळ्यात एका केंद्रात कूलर सरकवताना टेबलाला धक्का लागला होता, एवढाच बिघाड होता. स्क्रू आवळायला एक मिनिट, पोचायला दीड तास.