डी अँड डीमधला मुक्कामाचा खर्च असा सोडवला

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून साहसाची गोष्ट रचत खेळायचा खेळ. तो खेळताना पात्रांच्या प्रत्येक मुक्कामी खोलीचं भाडं, जेवण, घोड्याचा चारा असा हिशेब निघायचा आणि गोष्ट तिथेच अडायची. खर्च काढून टाकावा, तर पात्रांनी कमावलेल्या सोन्याला किंमतच उरत नाही.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमपुस्तकात राहणीमानाचे रोजचे दर दिलेत. गरिबीत २ चांदीची नाणी, साधेपणाने १ सोन्याचं, सुखवस्तू २, श्रीमंती ४, सरदारी थाट किमान १०. राहणं, खाणंपिणं, सामानाची निगा, सगळं त्यात आलं. आता शहरात शिरताना प्रत्येकजण राहणी निवडतो आणि निघताना दिवस गुणिले दर, एकदाच वजा. रानात फक्त शिधा मोजायचा.

खरी मजा निवडीत आहे. आमच्या खेळातलं चोरटीचं पात्र मुद्दाम गोदीजवळच्या पिसवांनी भरलेल्या खोलीत राहतं, कारण तस्करांच्या खबरी तिथेच कानावर येतात. जादूगार सरदारी थाटात राहतो, म्हणून त्याला मेजवानीची आमंत्रणं येतात आणि पाठोपाठ उसने मागणारेही!

एका रात्रीचाच मुक्काम असेल तर मात्र मी सराईचा दर लावते: साधी खोली ५ चांदीची नाणी, दिवसभराचं जेवण ३.