घरात माणसालाही जुलाब आणि जनावरालाही? बॅक्टेरियाचा माग कसा काढायचा आणि आधी काय करायचं

घरात कुणाला जुलाब लागले आणि त्याच आठवड्यात वासरू किंवा कुत्र्याचं पिल्लू पण हगायला लागलं, तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजू नका, आधी एकत्र धरूनच विचार करा. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया, ई. कोलायचे काही प्रकार हे सगळे जनावरातून माणसात येतात, आणि फसायला होतं ते इथे, की जनावर आजारी दिसेलच असं नाही. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर असला तरी कोंबडी बहुतेक वेळा मजेत असते. ई. कोलाय ओ१५७ गाईच्या पोटात असतो पण गाय ठणठणीत, कारण त्याचं विष जिथे जाऊन चिकटतं ती जागा गाईच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत नसतेच, आणि तोच लहान मुलाच्या पोटात गेला की रक्ताचे जुलाब, कधीकधी किडनीच बंद पडते. त्यामुळे "आमची जनावरं चांगली आहेत" यावर विसंबू नका.

पहिलं काम पाणी भरून काढणं, बॅक्टेरियाचं नाव नंतर. माणसाला ओआरएसचं पाकीट, ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा, आणि मीठ जास्त होऊ देऊ नका, लहान मुलांना ते घातक आहे). थोडं थोडं, सारखं पाजत राहायचं. वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडून बघा, लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले असतील तर पाणी कमी पडलंय. वासरांसाठी वेगळं इलेक्ट्रोलाइट मिळतं ते द्या पण दूध तोडू नका, दोन दुधांच्या मधल्या वेळेत इलेक्ट्रोलाइट द्यायचं. वासरू उठतच नसेल, चोखत नसेल तर तोंडाने पाजत बसू नका, त्याला शिरेतून सलाईन लागतं, डॉक्टरांना बोलवा.

मग वेळ लिहून काढा, कुणी काय खाल्लं, कोण कुठल्या जनावराजवळ होतं आणि किती तासांनी सुरू झालं, यातून खूप कळतं. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्यांचा जोर असेल तर बहुतेक स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सीरियसचं तयार विष पोटात गेलंय, आणि स्टॅफचं विष पुन्हा गरम करून जात नाही हे लक्षात ठेवा. ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब पण ताप नाही, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, मोठ्या भांड्यात शिजवून तसंच कोमट राहिलेलं अन्न हा त्याचा नेहमीचा रस्ता. ताप आणि जुलाब ६ तास ते ६ दिवसांत आले तर साल्मोनेला, २ ते ५ दिवसांनी आले तर कॅम्पिलोबॅक्टर, ३-४ दिवसांनी रक्त आणि ताप फारसा नाही तर ओ१५७ची शंका घ्या. हा अंदाज आहे, निदान नाही, पण डॉक्टरांना हे सांगितलंत तर कुठली टेस्ट लावायची ते त्यांना सोपं जातं. शिगेला नावाचा बॅक्टेरिया मात्र माणसातून माणसातच पसरतो, त्याचा रिपोर्ट आला तर गोठ्याला दोष देऊ नका, घरातले हात आणि संडास बघा.

वासरांच्या बाबतीत वयच जास्त सांगतं. जन्मल्यावर पहिल्या ४-५ दिवसांतली पाण्यासारखी हगवण बऱ्याचदा ई. कोलायची, त्यापुढे आठवडा-दोन आठवड्यांची असतील तर रोटा, कोरोना व्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियम, म्हणजे बॅक्टेरियाच नाही, आणि तिथे अँटिबायोटिक दिलं तरी त्या कारणावर काही होत नाही. ताप आणि शेणात रक्त असेल तर साल्मोनेला मनात ठेवा. मेंढ्या-बकऱ्यांत भरपूर दाणा खाल्ल्यावर चांगलं धट्टंकट्टं पिल्लू अचानक मरतं तो आंत्रविषार, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्याच दुसऱ्या प्रकाराचा, तिथे उपचाराला वेळच मिळत नाही, लस हाच उपाय.

नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्या, हे मी परत परत सांगेन कारण इथेच सगळ्यात जास्त घाई होते. ताजी शी किंवा शेण स्वच्छ झाकणाच्या डबीत, थंड ठेवून त्याच दिवशी लॅबला, कॅम्पिलोबॅक्टर उघड्या हवेत टिकत नाही म्हणून उशीर झाला तर असूनही सापडत नाही. आणि रक्त पडत असेल तर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, ओ१५७ असेल तर किडनीचा धोका वाढू शकतो. माणसाच्या उरलेल्या गोळ्या जनावराला आणि जनावराच्या गोळ्या माणसाला, हे तर कधीच नाही.

सफाईत क्रम महत्त्वाचा: आधी घाण खरवडून काढा, मग साबणाने धुवा, मगच ब्लीच, कारण शेण असताना ब्लीचची ताकद तिथेच संपते. जोराच्या पाइपने धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात. गोठ्यात काम करताना निरोगी वासरं आधी, आजारी शेवटी, आणि बाटल्या-बूट वेगळे. सॅनिटायझरवर राहू नका, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू त्याने मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. यर्सिनिया तर फ्रिजमध्ये पण वाढतो, म्हणून कच्चं मांस तिथे जास्त दिवस ठेवू नका. ५ वर्षांखालच्या मुलांना कासव, पाळीव सरडा, कोंबडीची पिल्लं हाताळू देऊ नका, साल्मोनेला तिथून सहज येतो, आणि दूध उकळल्याशिवाय कुणीच पिऊ नका.

आजारी माणसाने शेवटच्या जुलाबानंतर किमान ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. ओ१५७ किंवा शिगेला निघाला असेल तर तेवढ्याने भागत नाही, कामावर किंवा मुलाला शाळेत कधी पाठवायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.