हिरव्या स्फटिकातील धातू कसा ओळखावा

जालना आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील खडीच्या खाणींत काळा दगड फुटला की पोकळ्यांतून गारगोटी, झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजे) आणि नशीब असेल तर हिरवट अ‍ॅपोफिलाइट हा खनिज-स्फटिक हाती लागतो. अ‍ॅपोफिलाइट मुळात रंगहीन असतो. त्यातील हिरवेपणा अल्पांशाने शिरलेल्या व्हॅनेडियम या धातूमुळे येऊ शकतो. मात्र पोकळीच्या भिंतीवरील सेलाडोनाइट या लोहयुक्त हिरव्या खनिजाचे कण आत अडकले असतील, तर तोच रंग लोहाचा ठरतो.

म्हणून प्रथम दहापट भिंग लावून कण नसलेला, नितळ तुकडा निवडावा. तो ब्रश व ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. डाग काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण त्यात हे खनिजच विघटित होते. पूड करायची झाल्यास अ‍ॅगेटचा (अकीक दगडाचा) खल घ्यावा; लोखंडी खलबत्त्यात कुटलेल्या नमुन्यात लोह सापडले, तर त्याचे श्रेय खलबत्त्याला द्यावे लागते!

शोषण वर्णपटासाठी, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे पाहण्यासाठी, एक-दोन मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत केलेली चकती ३०० ते ११०० नॅनोमीटर पट्ट्यात तपासावी आणि जाडी नोंदवून ठेवावी. येथे एक मोह टाळावा. अ‍ॅपोफिलाइट मोत्यासारख्या चमकेच्या पृष्ठाला समांतर सहज फुटतो, पण अशा चकतीतून प्रकाश स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने जात असल्याने त्या अक्षाला समांतर ध्रुवणाचे (म्हणजे त्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) शोषण दिसतच नाही. त्यासाठी तो अक्ष चकतीच्या प्रतलात येईल असा दुसरा काप घ्यावा लागतो.

व्हॅनेडियमयुक्त स्फटिक आणि सेलाडोनाइट हे दोन्ही हिरवे पदार्थ तांबडा प्रकाश शोषत असल्याने केवळ या आलेखावर निकाल देऊ नये. तुकडा इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स यंत्रात (चुंबकीय क्षेत्र व सूक्ष्मलहरी वापरून एकटे, अयुग्मित इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या यंत्रात) ठेवावा. ९.४ गिगाहर्ट्झला सुमारे ३३६ मिलिटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राच्या आसपास आठ रेषांचा संच दिसला, तर चतुःसंयुजी (V⁴⁺) व्हॅनेडियम आहे असे मानण्यास भक्कम आधार मिळतो, कारण व्हॅनेडियम-५१ च्या अणुकेंद्राचे स्पिन ७/२ असते आणि त्यामुळे रेषा आठ भागांत विभागते. मँगनीजच्या सहा रेषा येतात. फेरिक (Fe³⁺) लोहाचा संकेत पुष्कळदा १५६ मिलिटेस्लाजवळ असतो. पुडीत रेषा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे शक्य तेथे अखंड स्फटिकच फिरवून मोजावा. फेरस (Fe²⁺) लोह मात्र खोलीच्या तापमानाला सहसा संकेत देत नाही. तेव्हा रेषा नसणे म्हणजे लोह नसणे, असे लिहू नये.