लिफ्ट केलेल्या पिकअपला टायर-अलॉय घेताय? या चुका टाळा

बेळगावात खानापूर रोडला माझं अलाइनमेंटचं दुकान आहे. लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या, व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअप येतात, आणि तक्रारी ठरलेल्या असतात. स्टेअरिंग थरथरतंय, टायर एका बाजूनं खाल्लाय, वळताना खरखर येतेय. चौकशी केली की कळतं, फोटो बघून आधी अलॉय (मिश्रधातूच्या रिम) घेतले, मग त्यावर बसतील ते टायर, आणि टायर घासायला लागले म्हणून लिफ्ट. हा क्रमच उलटा आहे. कुठल्या रस्त्यावर किती ओझं घेऊन फिरणार ते आधी ठरवा. त्यावरून टायर, टायरवरून रिम, आणि तो टायर मोकळा फिरायला लागेल तेवढीच लिफ्ट.

लिफ्ट केली की कुठलाही टायर बसतो, ही सगळ्यात महाग पडणारी समजूत. दोन इंच लिफ्टनं उभ्या गाडीत टायर आणि मडगार्डमधली फट वाढते, एवढंच. बंपस्टॉप (सस्पेन्शन किती दबेल ते अडवणारं रबर) जागचा हलला नसेल, तर खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक पूर्वीइतकंच वर जातं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक मागे किती सरकतं, ते तर लिफ्टपेक्षा टायरच्या उंचीवर आणि रिमच्या ऑफसेटवर जास्त अवलंबून असतं. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून तिची गाडीला टेकणारी बाजू किती मिमी आत-बाहेर आहे ते; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर.

दोन वर्षांमागं जुलैत, संध्याकाळी सहाच्या सुमारास खानापूर भागातल्या एका पोराचा फोन आला. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात हायलक्स अडकली होती. "मामा, टायर फुटला. जॅक लावलाय, पण स्टेपनी बसंना झालीया." पाऊस कोसळत होता. सामान घेऊन मी जांबोटीमार्गे निघालो, पोचेपर्यंत अंधार पडला होता.

त्यानं २८५/७० आर१७ चे (२८५ मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची) टायर घेतले होते, ९ इंच रुंदीच्या आणि उणे १२ ऑफसेटच्या अलॉयवर. कंपनीची रिम ७.५ इंच रुंद, ऑफसेट अधिक ३०. हिशेब सोपा आहे. ऑफसेटच्या फरकानं चाक ४२ मिमी बाहेर गेलं, वाढलेल्या रुंदीच्या निम्मे १९ मिमी त्यात धरा. रिमची बाहेरची कड ६१ मिमी बाहेर आली. चाक असं बाहेर गेलं की वळताना ते मोठ्या कमानीत फिरतं. डावीकडे वळताना डावं चाक मागे सरकतं आणि मडगार्डच्या मागच्या पत्र्याला जाऊन भिडतं. डाव्या वळणावर समोरून बस आली, यानं ब्रेक मारत स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापलं, आणि पत्र्याच्या जोडाच्या कडेनं टायरचा खांदा (तळ आणि कड यांच्यामधला भाग) वीतभर चिरला.

टॉर्च लावून आत बघितलं. प्लास्टिकचं लायनर फाटून लोंबत होतं. पत्र्याच्या कडेला एक ताजा चकाकता ओरखडा होता, आणि त्याच्या शेजारी जुन्या ओरखड्यांवर गंज धरलेला होता. म्हणजे टायर कित्येक दिवस घासत होता. "आवाज यायचा, पण दुकानदार म्हणाला थोडा घासून आपोआप जागा करतोय," असं तो म्हणाला. कुठल्या शहरातला दुकानदार ते महत्त्वाचं नाही. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी राग येतो. पत्रा जागा करून देत नाही, टायर कापतो.

स्टेपनीची गोष्ट वेगळीच. ती कंपनीच्या अलॉयवर होती. त्या अलॉयला सपाट वॉशरचे नट लागतात आणि नव्या अलॉयला निमुळत्या तोंडाचे. जुने नट घरी डब्यात पडलेले. निमुळता नट सपाट बैठकीवर आवळला तर पकड नुसत्या कडेवर राहते, आणि तशा चाकावर मी कुणालाही घाट उतरू देणार नाही. शिवाय स्टेपनी होती २६५/६० आर१८, म्हणजे उंची ७७५ मिमी, बाकीची चाकं ८३१ मिमी. एवढ्या फरकावर फोर-व्हील लावून डांबरावर गाडी चालवली तर गिअर आणि डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर) ताण येतो. सुदैवानं माझ्याकडे सपाट वॉशरचे नट होते. फोर-व्हील न लावता, फक्त मागच्या दोन चाकांच्या ताकदीवर, तिशीच्या वेगानं त्याला परत आणलं.

म्हणून टायर घ्यायचा तर पाच घ्या. पाचवा परवडत नसेल तर चारही एवढे मोठे घेऊ नका. स्टेपनी मूळचीच ठेवणार असाल तर तिचे सहा नट पिशवीत घालून सीटखाली ठेवा.

नवीन चाक बसवल्यावर माझी एक सवय आहे. टायरच्या खांद्यावर ओला चुना फासतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवतो, म्हणजे पुढचं डावं सस्पेन्शन दबतं. मग स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवतो. पांढरा डाग जिथं उमटेल तिथं टायर लागतोय. नंतर दुसऱ्या बाजूनं तेच. अर्धा तास जातो. गिऱ्हाईक घाई करतं, मी करत नाही.

दुसरी चूक मधल्या भोकाची. सहा नट आणि १३९.७ पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये) जुळला की अलॉय बसला असं लोक धरतात. हायलक्सच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) १०६.१ मिमीचं भोक लागतं. बाजारात ११० मिमीचे अलॉय सर्रास मिळतात. तो हबवर टेकत नाही, नुसत्या नटांवर मधोमध येतो, आणि एक नट आधी गच्च आवळला की बाजूला बसतो. गावात काही कळत नाही, निपाणीच्या बाजूला महामार्गावर नव्वदला स्टेअरिंग थरथरतं. मग तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात. मधली फट भरणारी हब रिंग टाका, चाक अधांतरी असताना नट समोरासमोरचे आवळा, शेवटचा जोर गाडी खाली टेकवून टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) द्या. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पान्यावर उभं राहून नट आवळणाऱ्याकडून चाक बसवून घेऊ नका.

स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची जाड चकती) लावून ऑफसेट भरून काढू नका, चाक बाहेर गेल्याचा तोच ताण बेअरिंगवर येतो. योग्य रिम घ्या.

मड टेरेन (चिखलासाठीचा, खोल खाचांचा) टायर शंभरातल्या नव्वद जणांना लागत नाही. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत तोही भरून गुळगुळीत होतो, आणि ओल्या डांबरावर ऑल टेरेनपेक्षा (सगळ्या रस्त्यांसाठीच्या टायरपेक्षा) त्याची पकड कमी. रोज शेतातून ऊस किंवा काजू काढत असाल तर गोष्ट वेगळी.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती ओझं पेलतो त्याचा आकडा, बघा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. मूळ टायरपेक्षा खाली उतरू नका. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा 'नवा' टायर पुष्कळदा असा निघतो.

त्या हायलक्सच्या मापांत, ७७५ वरून ८३१ मिमी, टायर सुमारे ७ टक्के मोठा झाला. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०७ ला असते, आणि चढाला इंजिन जड वाटतं.

आपल्याकडची केए-२२ (बेळगावच्या नोंदणीची) गाडी एका दिवसात महाराष्ट्रातल्या चंदगडला जाते आणि गोव्यातही उतरते. तीन राज्यांचे पोलीस ती बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. मडगार्डबाहेर आलेला टायर लांबूनच नजरेत भरतो. माझ्याकडे कुणी लिफ्टचा विषय काढला की आधी आरटीओत विचारून या म्हणतो, किट नंतर.

तो हायलक्सवाला आता २६५/७० आर१७ वर फिरतो, रिम अधिक ३० ऑफसेटची. चुन्याचा डाग कुठंच उमटला नाही. पुढच्या पावसाळ्यात चोर्ल्याहून आला तेव्हा लायनर बघितलं, नुसती लाल माती होती.